मास्तरांना मिळालेली माफी

मास्तर फारसे बोलत नसत, आणि त्याला अगदी साधं कारण होतं. दिवसभर त्यांच्या तोंडात खिळे असत.

जुने कोच, खुर्च्या, दवाखान्यातली बाकं यांच्यावर नवं कापड चढवण्याचा त्यांचा धंदा. बारीक खिळे मूठभर तोंडात टाकायचे, जिभेनं एकेक ओठांशी आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकी टोकानं अलगद उचलायचा आणि लाकडात ठोकायचा. गिऱ्हाईक आलं की मास्तर भुवया उंचावून कापडाच्या नमुन्यांकडे बोट दाखवत. परदेशात येऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिथल्या भाषेतले त्यांचे शब्द दुकानाच्या उंबऱ्यापुरतेच होते. रंग कोणता, स्पंज मऊ हवा की कडक, पुढच्या आठवड्यात या. तेवढ्यावर त्यांनी बायको सांभाळली, मुलगी वाढवली, एका रांगेतल्या घरांपैकी शेवटचं घर घेतलं. धंदा असा चार शब्दांत होतो. भांडण होत नाही. आणि मास्तरांच्या वाट्याला भांडण आलं ते थेट वीज कंपनीशी.

झालं असं, की त्यांच्या घराचं उतरतं छप्पर नेमकं उन्हाकडे तोंड करून होतं. मास्तरांनी त्यावर सोलर पॅनेल बसवून घेतली. काम चालू होतं तेव्हा ते दुकान बंद ठेवून रस्त्यात उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वर बोट दाखवत राहिले. बायको म्हणाली, "अहो, लग्नात माझ्याकडंसुद्धा इतकं टक लावून बघितलं नव्हतंत."

"तू कुठं वीज देत होतीस?" मास्तर म्हणाले. त्या दिवशी तोंडात खिळे नव्हते.

ठरलं होतं ते असं: घरात लागेल तेवढी वीज वापरायची, उरलेली कंपनीला जाणार आणि तेवढी बिलातून वजा होणार. त्यासाठी जाणारी आणि येणारी वीज वेगळी मोजणारं नवं मीटर कंपनीनं बसवायचं होतं. कंपनी 'हो हो' म्हणाली आणि विसरली. जुनं मीटर बिचारं साधं. तारेतून वीज वाहतेय एवढंच त्याला कळे. आत की बाहेर, हे कळत नसे. त्यामुळे छपरावरून कंपनीकडे गेलेली वीजही ते मास्तरांनीच खाल्ली असं मोजू लागलं. जितकं ऊन कडक, तितकं बिल मोठं. ढगाळ महिन्यात मास्तरांना जरा बरे दिवस येत.

"आता उन्हात वाळत घातलेल्या कपड्यांचंही भाडं लावतील," बायको म्हणाली.

मास्तरांनी घरातलं एकूण एक बटण बंद केलं आणि भर दुपारी मीटरसमोर स्टूल टाकून बसले. मीटर सुसाट पळत होतं. चोर रंगेहाथ सापडला. आता फक्त चोराला चोर म्हणायचं बाकी होतं, आणि तेवढी भाषा मास्तरांकडे नव्हती.

ती त्यांच्या मुलीकडे होती. तिला घरात सगळे चिमणी म्हणत. ती लहानपणापासून तिथल्याच शाळेत गेलेली, तिथली भाषा तिला पाण्यासारखी येई. ती शाळेतून येई, दप्तर ठेवी, आणि मास्तर फोन तिच्या हातात देत. कंपनीच्या फोनवर आधी बराच वेळ एकच वाद्यसंगीत वाजे. पोरगी एका हातानं बिस्कीट खात, दुसऱ्या हातानं फोन धरून भिंतीला टेकून उभी राही. मग कोणीतरी माणूस बोलू लागे, आणि शेजारी उभे असलेले मास्तर सुरू होत.

"सांग त्यांना! म्हणावं, हा दिवसाढवळ्या दरोडा आहे. म्हणावं, आम्ही परके आहोत म्हणून कान पिळताय काय? तुमच्या बापाचा सूर्य आहे काय?"

चिमणी फोनमध्ये चार-पाच शब्द बोले.

"एवढंच? मी केवढं बोललो!"

"त्यांची भाषा आखूड आहे, बाबा."

शिवाय कंपनीची लाइन फार तुटायची. नेमकी मास्तर रंगात आले की तुटायची. "बाबा, लाइन तुटतेय," असं म्हणून चिमणी फोन ठेवून देई. मास्तर कपाळावर हात मारत. "वीज विकतात, आणि यांना फोन धड चालवता येत नाही!"

पलीकडून कधी उत्तर येई, की पॅनेल बसवली म्हणून लोक सढळ हातानं वीज वापरतात, तुमचंही तसंच झालं असेल. मास्तरांचा संताप होई. बिल भरायला ते भीत नव्हते. आयुष्यात त्यांनी कुणाचं काही ठेवलं नव्हतं. पण आपल्याला कुणी खोटं ठरवावं, तेही आपल्याला नीट बोलता येत नाही म्हणून, हे त्यांच्या मनात सलत राही. "पैसे गेले खड्ड्यात," ते म्हणत, "त्यांनी माझ्यासमोर उभं राहून, चुकलो, एवढं म्हणावं."

अशा तक्रारी ऐकायला तिथं एक मंडळ होतं. चिमणीनंच अर्ज भरून पाठवला आणि सुनावणीची तारीख आली. ती तारीख बघून पोरीचा चेहरा उतरला. त्याच आठवड्यात तिच्या वर्गाची डोंगरात सहल होती. तंबूत राहायचं, पायी फिरायचं आणि चालून पाहिलेल्या मुलखाचा नकाशा स्वतः काढायचा. त्यासाठी तिनं डोंगरी बूट घेतले होते. बूट पायात रुळावेत म्हणून ती कितीतरी दिवस ते घालून घरभर धपाधपा फिरत होती. जेवायलाही तशीच बसे.

"बाबा, तारीख पुढे मागू या?"

"आणि ते म्हणाले, याचं काही खरं नाही, म्हणून टाळतोय, तर?"

मास्तरांचा एक मित्र होता, शहरातली बस चालवायचा. त्यांच्याच भाषेतला, पण त्यांच्या आधी आलेला, तिथले कायदेकानून जाणणारा. तो म्हणाला, "अहो मास्तर, पोरीला कशाला अडकवताय? मंडळाकडून दुभाषा मिळतो, फुकट मिळतो. आधी कळवलं की झालं."

"परक्या माणसाच्या तोंडून मी बोलू? त्यानं आतल्या आत काय फिरवलं, मला काय कळणार?" मास्तर म्हणाले. "माझी पोर माझा शब्द न् शब्द सांगते."

बसवाला हसला. "धन्य आहे. सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही."

बायकोनंही एकदा म्हणून पाहिलं. मास्तरांनी तोंडात खिळे टाकले. म्हणजे विषय संपला.

सुनावणीच्या दिवशी चिमणी शाळेचा गणवेश आणि ते डोंगरी बूट घालून आली. मास्तरांना ते आवडलं नाही, पण बोलून उपयोग नव्हता, बस आली होती. खोली साधीच होती. लांब टेबल, पाण्याचा जग, आणि बसायला अशा खुर्च्या की ज्यांचा स्पंज पार बसलेला. मास्तरांच्या ते बसता क्षणीच लक्षात आलं. टेबलाच्या टोकाला मंडळाचे एक वयस्कर गृहस्थ, समोर कंपनीतर्फे आलेली एक उंच, सावकाश बोलणारी बाई.

मास्तर बोलले. मनात साठलेलं सगळं बोलले. टेबलावर मूठ आपटली तेव्हा जगमधलं पाणी हललं. चिमणी ऐकत होती. मग ती त्या बाईशी बोलली. बाई काही म्हणाली, चिमणी काही म्हणाली, पुन्हा बाई, पुन्हा चिमणी. मास्तर दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत राहिले. शेवटी बाई खुर्चीतून उठली, टेबलाला वळसा घालून आली, तिनं मास्तरांचा हात हातात घेतला आणि मान खाली घातली.

"बाबा," चिमणी म्हणाली, "त्या म्हणतात, चूक आमचीच होती. तुम्हाला त्रास झाला. माफ करा."

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी समोरच्या कागदावर सही केली. नवं मीटर बसलं, जुनी बिलं दुरुस्त झाली. घरी येताना मास्तर वाटभर शिट्टी वाजवत होते. पुढं कितीतरी वर्षं, दुकानात आपल्याकडचा कुणी आला की मास्तर तोंडातले खिळे हातावर काढून ती गोष्ट सांगत. "कंपनीची बाई! उभी राहिली, मान खाली घातली, माफी मागितली! का? तर माझी पोर माझी वकील होती."

वकील तेवढ्यावर सुटली नाही. बँक असो, डॉक्टर असो, शेजाऱ्याच्या कुत्र्याची कटकट असो, "सांग त्यांना" म्हणून मास्तर तिला पुढं करत. मग ती शिकायला दूरच्या शहरात गेली, नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत लागली आणि तिथंच राहिली. वर्षातून एकदा येई. स्वभावानं वाईट नव्हती, आईसाठी शाल आणी, मास्तरांसाठी चांगली कात्री आणी. पण फोन ती घेत नसे. "फोन नको बाबा, लिहून पाठवा," असं सगळ्यांनाच सांगे. मास्तरांना वाटे, हल्लीच्या मुलांचं असंच असतं.

ती गेल्यावर मास्तरांची जीभ उघडी पडली. नाइलाजानं ते संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागले आणि उतारवयात तिथली भाषा शिकले. बसवाला म्हणे, "पिकल्या पानाला पालवी फुटली बरं का!" पण फुटली खरी. मास्तर गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या गप्पा मारू लागले.

एका सकाळी एक म्हातारी बाई खुर्ची घेऊन आली. उंच होती, पण आता वाकलेली. खुर्चीच्या बैठकीखालचे तागाचे पट्टे लोंबत होते. कापड निवडताना तिनं मान खाली घातली, आणि मास्तरांनी ओळखलं.

"तुम्ही वीज कंपनीत होता," ते तिच्या भाषेत म्हणाले. "माझी माफी मागितली होती तुम्ही. सोलरचं प्रकरण."

बाईनं आठवायचा प्रयत्न केला. "माफी? नाही हो. मी नसेन. आम्हाला माफी मागायला परवानगीच नव्हती. माफी मागितली की चूक कबूल केल्यासारखं होतं. नवं मीटर देतो, हिशेब नव्यानं करतो, एवढंच आम्ही म्हणायचो."

"पण तुम्ही उठलात, माझा हात हातात घेतलात. माझी मुलगी होती बरोबर."

"मोठाले डोंगरी बूट घातलेली?" बाईचा चेहरा एकदम उजळला. "ती तुमची मुलगी? ती कशी विसरेन! तुम्ही काहीतरी खूप रागानं बोललात, टेबलावर मूठ आपटली. मी तिला विचारलं, काय म्हणतात ते? ती म्हणाली, 'बाबांना वाईट वाटलंय.' मी तिला सांगितलं, मीटर बदलू, बिलं दुरुस्त करू. तर म्हणाली, तेवढ्यानं ते सही करणार नाहीत. 'तुम्ही उभ्या राहा, त्यांच्याशी हात मिळवा, आणि मान जरा खाली घाला. बाकीचं मी बघते.'"

मास्तरांच्या हातात कापडाचा नमुना होता. तो त्यांनी खाली ठेवला.

"लहान होती हो," बाई म्हणाली. "मी विचारलं, आज शाळा नाही का? म्हणाली, शाळा डोंगरात गेलीय. इतक्या वेळा मनात आलं, यांनी दुभाषा का नाही मागितला? कुणी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

"सांगितलं होतं," मास्तर म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी काम केलं नाही. घरी येऊन बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं?"

ती भाजी निवडत होती. "मला न कळायला काय झालं? तुम्ही शिट्टी वाजवत आत आलात. ती मागून आली, बूट काढले आणि कपाटामागं टाकले. मी विचारलं तेव्हा सांगितलं तिनं. आणि म्हणाली, बाबांना सांगू नकोस, पहिल्यांदाच ते इतके खूश आहेत."

"आणि तू नाही सांगितलंस."

"तुम्ही तरी कधी विचारलंत तिला, सहलीचं काय झालं म्हणून?"

मास्तर गप्प बसले. तोंडात खिळे नव्हते, तरीही.

बूट कपाटामागून कधीचेच गेले होते, तरी त्यांनी एकदा वाकून पाहिलं. मग काही दिवस ते दुकानात एकच वाक्य मनात शिवत आणि उसवत राहिले. लिहून पाठवायचा प्रयत्न केला. पण ज्या माणसानं आपलं सगळं बोलणं पोरीच्या तोंडून वदवून घेतलं, त्यानं निदान एवढं तरी स्वतःच्या तोंडानं बोलावं, असं त्यांना वाटलं. रविवारी दुपारी, छपरावर कडक ऊन असताना, त्यांनी फोन लावला. बराच वेळ वाजला.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे, बरी आहे. अगं, ती कंपनीची बाई आली होती दुकानात. खुर्ची घेऊन."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ती म्हणाली, माफी वगैरे काही मागितली नव्हती."

"हं."

"चिमणे, तुझी ती सहल..." मास्तरांचं पाठ केलेलं वाक्य मध्येच उसवलं. त्यांनी ते पुन्हा सुरुवातीपासून धरलं. "चूक कंपनीची नव्हती. म्हणजे होती, पण ती मीटरची. तुझ्या बाबतीत माझी होती. मी तुला..."

"बाबा," ती घाईनं म्हणाली, "लाइन तुटतेय."

लाइन तुटत नव्हती. तिच्या स्वयंपाकघरात किटलीतलं पाणी उकळू लागलेलं मास्तरांना स्वच्छ ऐकू येत होतं. खट् आवाज होऊन किटली बंद झाली, तेही ऐकू आलं. आणि त्यानंतर तिनं श्वास घेतलेलाही.

"हो गं," मास्तर म्हणाले. "इकडूनही तुटतेय."