जळबाचा बैल अन् मुन्नाची शीळ

"आमच्या म्हाताऱ्याचं लगीन लाख्याशी झालंय, मी निसती वऱ्हाडात आले व्हते," असं कमलबाई बायांत सांगायची. लाखा म्हंजे तिच्या नवऱ्याचा, जळबाचा, तांबडा कंधारी बैल. जळबाबिगर दुसऱ्याच्या हातची वैरण तो हुंगायचाबी न्हाई, अन् ही गोष्ट जळबा बाळापूरच्या बाजारात लोकायला पदरचा चहा पाजून सांगायचा.

असाच तो बाजाराला गेला अन् इकडं गल्लीतल्या मुन्नानं लाख्याचं दावं सोडलं. पंधरा वर्साचं पोरगं, शेजारच्या गावच्या शंकरपटात बैल पळवायची हौस. लाखा नालीत घसरला अन् पुढचा पाय सुजवून लंगडत घरी आला. जळबा तडक ठाण्यात गेला.

ठाण्यातल्या मॅडम म्हणल्या, "काका, पोरगं कोवळं हाये. तारखा करत बसंल तर शाळा जाईल त्याची. पाय त्याच्यामुळं दुखावला, त्यालाच बरा करू द्या."

पोलीस पाटील तातेरावापुढं ठरलं. बैल बरा झाला असं जळबा म्हणंल तवर मुन्नानं दोन्ही वक्ताला गोठ्यात यायचं.

पहिल्या दिवशी लाख्यानं त्याला शिंग दाखवलं. जळबाला लई बरं वाटलं. पण पोरगं पाय शेकायचं, तेल-हळद चोळायचं, अन् चोळता चोळता बारीक शीळ घालायचं. हळूहळू लाखा त्या शिळेवर कान टवकारायला लागला. एक दिवस जळबानं कडब्याची पेंढी पुढं केली, तर बैलानं तिच्यावरून मान काढून गल्लीकडं पाहिलं.

"काहून रे, मी मेलो का?" जळबा म्हणला.

"आता कळंल, मला कसं वाटायचं ते," कमलबाई दारातून म्हणली.

तवापासून जळबाच्या पोटात दुखून राहिलं. तो पोराच्या चुका हुडकायला लागला. शेण राहिलं, पाणी गढूळ, गव्हाण झाडली न्हाई. शेवटी तातेरावाचं घर गाठलं.

"पाटील, पोरगं कामाचं न्हाई. पाठवा त्याला पोरांच्या कोर्टात, बाल न्याय मंडळापुढं, होऊ द्या केस."

"सूज तर उतरली म्हणतात."

"उतरली. पण मन लावून करत न्हाई."

"मंग दोन महिने वाढवू," तातेराव सुपारी कातरत म्हणला. "मॅडमनं तसंच सांगून ठेवलंय."

जळबानं मनात हिशोब केला. अजून दोन महिने ती शीळ.

"वाढवू नका. बैल बरा झाला."

"आत्ताच तर तुमी..."

"झाला म्हणतो ना. सोडा त्याला. उद्यापासून माझ्या गोठ्यात दिसू नये."

असा मुन्ना सुटला. त्यानं ना कोर्ट पाहिलं ना तारीख. गाव म्हणलं, जळबाचं काळीज मोठं. जळबानं तेबी ऐकून घेतलं.

दुसऱ्या सकाळी त्यानं गूळ घातलेला कणकेचा गोळा लाख्यापुढं धरला. बैल गल्लीकडं तोंड करून उभा, पुढचा पाय अजून जरासा उचललेला. जळबानं मागं-पुढं पाहिलं, ओठ गोल केले. निसती हवा आली. आत भांडे घासायचा आवाज थांबला, म्हंजे कमलबाईनं ऐकलं व्हतं.

मंग त्यानं दावं सोडलं, लाख्याला फिरवलं अन् तोंड भिंतीकडं करून बांधलं.