मोठ्यानं लिहिणारा वर्ग

"तोंड काय नुसतं जेवायलेच आहे का? बोलत बोलत लिही." आमच्या सौंसरच्या शाळेतल्या बहनजी दिवसातून पन्नासदा हे म्हणायच्या, तेही फळ्यावर खडू ठोकत. शेजारच्या सहावीत मी गणित शिकवायचो आणि माझ्या पोरांना त्यांच्या वर्गाचा भूगोल पाठ व्हायचा. माझं डोकं उठायचं.

याचं कारण एक मुलगी होती. एका शेतमजुराची, जन्मापासून आंधळी. बाप तिला घेऊन आला तेव्हा शाळेचे मुख्य, बडे गुरुजी म्हणाले, हिच्यासाठी नागपूरला वेगळी शाळा असते. खोटं कशाला सांगू, सगळ्यात आधी मान मीच डोलावली. बहनजींनी माझ्याकडे पाहिलं. "नागपूरले इले कोन नेऊन सोडीन, तुम्ही?" मुलगी बहनजींच्या तिसरीत टाटपट्टीवर बसली.

तेव्हापासून बहनजींचा नियम झाला. जे लिहायचं ते मोठ्यानं बोलून लिहायचं, म्हणजे तिला कळेल. बहनजी त्याच वर्गाबरोबर वर चढत पाचवीपर्यंत आल्या. तोवर कोणी पाढा चुकला की ती मुलगीच टोकायची.

पाचवीला बोर्डाची परीक्षा. पास झाली तर सहावी, नाहीतर घरी बसवीन, असं बापानं सांगून ठेवलं होतं. बहनजी तेवढ्या एका गोष्टीला भ्यायच्या. सांगेल ते लिहायला तिच्याजवळ चौथीची एक पोर बसवली. वर्गात ड्यूटी माझी होती.

पेपर वाटले. दोन मिनिटं शांतता. मग एक पोरगा पुटपुटला, "भारताच्या उत्तरेस…" आणि चाळीस तोंडं सुरू झाली. नेमके तेव्हाच छिंदवाड्याहून तपासणीला आलेले साहेब दारात.

"काऊन हो, खुलेआम नकल चालू आहे?"

"नकल नाही साहेब," बहनजी धावत आल्या, "लिहून राहिले ते."

साहेबांनी सगळ्यांना गप्प केलं. तर पेनंही थांबली. एकानं तोंडावर हात दाबून लिहून पाहिलं, त्याला उत्तरच आठवेना. शेवटी साहेबांनी पोरं मैदानात दहा-दहा पावलांवर बसवली. भर उन्हात चाळीस पोरं एकटी बडबडत होती. रस्त्यावरचे लोक सायकली थांबवून पाहू लागले. वर्गात ती मुलगी तेवढी राहिली. बोलायची परवानगी नियमानं तिलाच होती.

ती पास झाली. साहेबांच्या रिपोर्टामुळे बहनजींची बदली तिगावला झाली. जाताना मला म्हणाल्या, "आता तुमच्याकडं येऊन राहिली ती." माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

जुलैत सहावीचा पहिला तास. अठरा वर्षं लिहितो तसं मी फळ्यावर गणित लिहीत होतो; पोरांनी वह्या अजून उघडल्या नव्हत्या. शेजारचा वर्ग शांत होता. अर्धा फळा भरला असेल. मागून ती हळूच म्हणाली, "गुरुजी, वर्गात आहे का तुम्ही?"

मला लाज वाटली. फळा पुसला आणि पहिल्या आकड्यापासून बोलायला लागलो.