पटाच्या रक्ताची कालवड

धंतोलीतल्या एका दवाखान्यात मी रिसेप्शनवर बसते. दिवसभर माणसं माझ्याशी खोटं बोलतात. दारूला शिवत नाही म्हणणाऱ्याच्या तोंडाला वास असतो, उपाशीपोटी आलोय म्हणणाऱ्याच्या मिशीला पोह्यावरच्या तर्रीचा तवंग असतो. अशा नोकरीत कोणीही संशयी होईल. मी तर माहेरूनच संशयी आले होते, नोकरीनं फक्त धार लावली.

घर आमचं हिंगण्याच्या पुढे, कंपन्यांच्या बसेस जिथून परत फिरतात त्याच्याही पलीकडे. घरामागे गोठा. मुलगी आठवीत होती तेव्हा तालुक्याच्या पशुप्रदर्शनात शाळकरी मुलांसाठी वेगळा गट ठेवला होता. मुलानं स्वतः वाढवलेलं वासरू आणायचं, दावं एकट्यानं धरून रिंगणात एक फेरी मारायची, वासराला नीट उभं करायचं आणि परीक्षक म्हणून आलेल्या गुरांच्या डॉक्टरांना हात लावू द्यायचा. वासराचं अंग कसं भरलंय हे बघायचेच, पण ते मुलासोबत कसं वागतं यालाही तेवढेच गुण होते.

आमच्या मुलीनं नाव दिलं आणि घरात वाद सुरू झाला. आमची कालवड गवळाऊ जातीची. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, तरुणपणी शंकरपट गाजवलेले. बैलजोड्या पळवण्याच्या त्या शर्यतीसाठी त्यांनी जी गाय घरात आणली, तिचाच हा वंश. पांढरीशुभ्र, उंच, कान कायम टवकारलेले. छत्री उघडली की बुजायची, परका माणूस दिसला की नाकातून फुर्र करायची. पटासाठी असंच तापट रक्त लागतं, आणि प्रदर्शनवाल्यांना हवं होतं नेमकं उलटं.

"पटाच्या रक्ताची हाय ते," मामाजी म्हणाले. "पोरीच्या हातात राह्यणार नाई. कालवडच फेकून देईन तिले."

"मले नाई फेकत आबाजी," मुलगी म्हणाली. "ते मारकी नाई. भेते फक्त. मी दाखवतो सगळ्याईले."

तिला बक्षीस नको होतं. ही कालवड आपल्या शब्दावर चालते, एवढंच तिला चारचौघांत दाखवायचं होतं. त्यासाठी तिनं काय नाही केलं! शाळेतून आली की कालवडीला रस्त्यावर न्यायची, बसच्या हॉर्नची सवय व्हावी म्हणून. गोठ्यात माझी जुनी साडी बांधली, वाऱ्यानं फडफडत राहावी म्हणून. कालवड बिथरली की ओढायची नाही, रागवायची नाही; गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत उभी राहायची. मग कालवड मान वर करायची आणि मोठा श्वास सोडून तिच्या खांद्याला नाक लावायची. तेवढं झालं की दोघी पुढे निघायच्या.

मी मात्र लक्ष ठेवून होते शेजारच्या गोठ्यावर. शेजारणीच्या मुलानंही नाव दिलं होतं. त्यांची कालवड जर्सी संकरित, तपकिरी, आणि इतकी गरीब की मला बघवेना. कुत्रं अंगावर भुंकलं तरी रवंथ थांबत नसे. गरीब गाय, पोटात पाय, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. कुठंतरी पाणी मुरतंय असं मला वाटायचं. भिंतीवरून त्यांच्या घमेल्यात काय भिजतंय ते मी वाकून बघायची. एकदा तर तिकडच्या बादलीचा वासही घेतला. शेजारणीनं नेमकं पाहिलं.

"का पाहून राह्यली वं?"

"काई नाई. ढेप कोणती वापरतं ते पाहून राह्यली."

"ढेपेनं नाई होत कालवड थंडी. जर्सीचं रक्तच थंडं असते."

मी मान डोलावली आणि एका शब्दावरही विश्वास ठेवला नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मामाजींनी मुलीला आत पिटाळलं. "जाय, नवं दावं घेऊन ये. मी चढवतो हिले टेम्पोत." एरवी त्या कालवडीला टेम्पोत चढवायचं म्हणजे गल्ली गोळा व्हायची. त्या दिवशी ती फळीवरून मुकाट चढली. पोरीच्या मेहनतीला फळ आलं म्हणून मला आनंदच झाला.

रिंगणात आधी शेजारणीचा मुलगा आला. मी पुढे जाऊन त्यांच्या कालवडीच्या पापण्यांकडे निरखून पाहत राहिले. डोळे स्वच्छ होते. कान माश्या हाकलत होते, तोंड चालू होतं. ती खरोखरच तशी होती, स्वभावानं थंड. मला जरा चिडल्यासारखंच झालं.

मग आमची आली. माईक किंचाळला, तिनं कान हलवला नाही. मांडवाजवळ कोणीतरी छत्री उघडली, तिनं मान वळवली नाही. पाय टाकत होती ते जणू दुसऱ्याचे पाय. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, खालचा ओठ लोंबलेला. असे चेहरे मी रोज बघते. ऑपरेशन थिएटरमधून स्ट्रेचरवर बाहेर येणाऱ्या माणसांचे.

लोक टाळ्या वाजवत होते. डॉक्टरांनी तिच्या पाठीवरून, पायांवरून हात फिरवला. "गवळाऊ, आणि एवढी शांत! शाब्बास बेटा."

मुलीच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तिनं गळ्याखाली खाजवलं. कालवडीनं मान वर केली नाही. मुलीनं खांदा पुढे केला. कालवडीनं नाक लावलं नाही. पुन्हा केला, पुन्हा तेच.

मी शेजारणीच्या दिशेनं निघाले. तिनंच काही चारलं असणार, दुसरं कोण! तोंडात शिव्या तयार होत्या. पण ती बाई मन लावून आमच्या पोरीसाठी टाळ्या वाजवत होती, आणि मला काय करावं कळेना.

तेवढ्यात मुलगी डॉक्टरांना म्हणाली, "सर, हिले नंबर देऊ नका. हे शुद्धीत नाई. कोणंतरी काई चारलं हिले."

डॉक्टरांनी कालवडीची पापणी वर केली, आत बघितलं. "कोणी दिलं?" त्यांनी विचारलं. सगळ्यांच्या नजरा आपोआप शेजारणीकडे गेल्या. भिंतीवरून वाकणारी मी साऱ्या गावानं पाहिलेली; माझा संशय माझ्याआधी तिथं पोचला होता. शेजारणीच्या टाळ्या थांबल्या, चेहरा उतरला.

"म्या देल्ली," मागून मामाजी म्हणाले. "गुळातून भांग. पटाची बैलं टेम्पोत चढवताना आमी द्यायचोच, काई होत नाई जनावराले. मले भेव वाटलं, डॉक्टरसाहेब. पोरगी एवढुशी हाय."

डॉक्टर त्यांना बरंच बोलले. कालवडीला सावलीत ठेवा, पाणी पाजत राहा, उतरेल म्हणाले. पहिला नंबर जर्सीला गेला आणि तो योग्यच होता. येताना टेम्पोत मुलगी कालवडीच्या मानेखाली हात घालून बसली. मामाजी पुढे ड्रायव्हरजवळ बसले.

घरी आल्यावर ती त्यांना एवढंच म्हणाली, "मले सांगायचं होतं ना आबाजी. तुमाले भेव वाटते म्हणलं असतं, तर मी नसतं नेलं तिले." त्यांनी टोपी काढली, परत घातली. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती. पोरीच्या जिवापोटीच केलं होतं म्हाताऱ्यानं.

दुसऱ्या दिवशी कालवड शुद्धीवर आली. मला बघून नाकातून जोरात फुर्र केलं तिनं, आणि पहिल्यांदाच मला ते आवडलं. मामाजी ओंजळीत भिजवलेले चणे घेऊन गोठ्यात आले. जन्मल्यापासून तिला सकाळचे चणे त्यांच्याच हातचे. कालवडीनं त्यांच्याकडे मान लांब केली. तिला कुठला आलाय संशय.

मुलगी मधे येऊन उभी राहिली.

"आधी तुमी खा."

वडील माणसाशी असं बोलतात का, म्हणून मी तिला दटावणार होते. मामाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग ओंजळीकडे. भिंतीला टेकून ते एकेक चणा तोंडात टाकू लागले. दात थोडेच उरलेत त्यांचे, वेळ लागत होता. ती दावं धरून, त्यांच्या तोंडाकडे बघत, ओंजळ अर्धी होईपर्यंत थांबली.