अकराच्या विमानाला दाखवलेली परात

माझी बायको शकुंतला अन् मी शेवटचं सोबत काय केलं, तर स्लॅबवर चढून विमानाला परात दाखवली. सकाळचे अकरा वाजून गेले होते. तिनं स्टीलची मोठी परात उन्हात धरली अन् तीन वेळा हलवली. एक, दोन, तीन — म्हणजे "जेवली काय?" मी शिडी धरून उभा. विमान गेलं, आम्ही खाली आलो, झुणका-भाकर खाल्ली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या छातीत कळ आली अन् दवाखान्यात नेताना ऑटोतच ती गेली.

पुढचं सांगण्याआधी एक लिहून ठेवतो. भूत, करणी, अंगात येणं — मी यातलं काहीच मानत नाही. माझ्या बापानं दीक्षा घेतली तेव्हा टोपलीभर देव धाम नदीत सोडले. तेव्हापासून आमच्या घरात कोणाच्या अंगात यायची हिंमत झाली नाही. मी चौथी शिकलेला, रोडगँगवर डांबर टाकून रिटायर झालेला माणूस. या सदरातले अनुभव वाचून मी हसायचो. आता तुम्ही हसा.

गाव पवनारच्या पुढे. मुलगी एकच, संघमित्रा. आमच्या तालुक्यातली पहिली बाई पायलट. बारावीनंतर स्कॉलरशिप मिळाली अन् नागपूरला विमान शिकायला गेली. पहिल्यांदा एकटीनं विमान उडवून खाली उतरली तेव्हा आम्ही दोघं कुंपणाशी उभे होतो. पाहतो तर चार पोरं तिच्या अंगावर बादली ओतून राह्यले. शकुंतला पदर खोचून आत घुसली.

"माह्या पोरीवर पाणी काऊन टाकलं रे?"

शिकवणारे सर घाबरले. "मावशी, पहिल्यांदा एकट्यानं उडवलं की असंच करतात. मान असतो तो."

हिनं दुसरी बादली उचलली अन् सरांवर ओतली. "मंग शिकवलं तुमीच ना? तुमालेबी पायजे मान."

पुढे मित्रा मोठ्या कंपनीत लागली. एकदा एक प्रवासी म्हणे, बाई चालवणार असेल तर मी उतरतो. मित्रा म्हणाली, "आत्ताच उतरा काका, वर गेल्यावर दार उघडत नाही." तो बसून राहिला.

तिचं दिल्ली–हैदराबाद विमान आमच्याच भागावरून जातं, म्हणून ही परात. मित्रा फोनवर चिडवायची, "आई, सहा वर्षं झाली, मले कधीच काही दिसलं नाई. अन् अर्ध्या वेळा ते विमान माह्यं नसतेच. ड्यूटी बदलते."

शकुंतला म्हणायची, "मंग ज्याचं असन त्यालेबी माय असनच. जेवला का विचारलं तर काय बिघडलं?"

ती गेली तेव्हा मित्रा हवेत होती, फोन बंद. खाली उतरल्यावर कळलं. ते तिच्या मनाला फार लागलं. महिन्याभरानं म्हणाली, "बाबा, नोकरी सोडते. घरी येते." कॅप्टनचं वर्गातलं शिक्षण तेव्हा संपलं होतं, डाव्या सीटवरून उडवणं तेवढं बाकी होतं. कॅप्टन डाव्या सीटवर बसतो, अन् ही इतकी वर्षं उजवीकडे. मी 'नको' म्हणायला पाहिजे होतं... म्हटलं नाही. उलट मिस्तरीला बोलावून स्लॅबवर तिच्यासाठी खोली काढायला सांगितली. विटा वर चढल्या. खरं सांगतो, मला ती घरीच पाहिजे होती. माझ्यानं त्या घरात एकट्यानं राहवत नव्हतं.

एका मंगळवारी तिची डाव्या सीटवरची पहिली फेरी होती, त्याच अकराच्या विमानावर, शेजारी शिकवणारे साहेब. "ठरली आहे म्हणून करते," म्हणाली, "संध्याकाळी राजीनामा पाठवते."

अकरा वाजता मला घरी थांबायचं नव्हतं. कुलूप लावलं अन् सकाळच्या एसटीनं आर्वीला गेलो. रिटायर तिथूनच झालो, पेन्शन तिथल्याच बँकेत. हयातीचा दाखला द्यायचा होता. मशीनवर अंगठा उठेना.

बँकेतली बाई म्हणे, "आजोबा, मशीन म्हणते तुम्ही नाहीच."

"बरोबर म्हणते. मलेबी महिन्याभरापासून तसंच वाटून राह्यलं."

तिसऱ्यांदा उठला. पावतीवर वेळ छापलेली आहे — अकरा वाजून चौदा मिनिटं. पावती अजून माझ्याजवळ आहे.

संध्याकाळी घरी आलो अन् मित्राचा फोन. ती हसत होती. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

"बाबा, दिसली."

"काय?"

"परात. तीनदा चमकली, थांबली, परत तीनदा. साहेबांनी वाकून पाह्यलं, म्हणे खाली आरसा कोण दाखवतंय? मी म्हटलं, घर आहे माझं, जेवली का विचारून राह्यले." मग म्हणाली, "आपलं घर डाव्या हाताले येते, बाबा. आई बरोबरच दाखवत होती. मीच दुसऱ्या बाजूले बसली होती."

"मित्रा, मी आर्वीले होतो."

"मग कोण होतं?"

"मले नाई माहीत. घराले कुलूप होतं. परात तर तुह्या आईच्या जेवणाच्या दिवसापासून विहारात पडली आहे, भांड्याच्या खोलीत."

मला भीती वाटायला पाहिजे होती, पण वाटत नव्हती. गालातल्या गालात हसू येत होतं. तिलाही येत असावं.

"बाबा, राजीनामा नाई पाठवत. चालन?"

"पाठवला तर घरात घेणार नाई."

मी चौकशी केली. शेजारचा सुदाम दिवसभर अंगणात होता. म्हणे, तुमच्या स्लॅबवर कावळाबी नव्हता. विहाराची किल्ली ज्याच्याकडे, तो दोन दिवसांपासून लग्नाला गेलेला. गावातले पत्रे, सोलर, सगळं फिरून पाहिलं. पत्रा चमकला तर चमकत राहतो, तीन मोजून थांबत नाही. एका सायन्सच्या मास्तरांना विचारलं. म्हणाले, नजरेचा भास. म्हटलं, एकच भास दोघांना, एकाच वेळी? ते चष्मा पुसत बसले.

मित्रा आज कॅप्टन आहे. मी अजूनही भूत मानत नाही. पण त्या मंगळवारी काय झालं ते मला सांगता येत नाही... कोणाला येत असेल तर कळवा, फक्त भास म्हणू नका.

फोनच्या दुसऱ्याच दिवशी, बुधवारी सकाळी सहालाच मी वर चढलो अन् विटा खाली उतरवायला लागलो. मिस्तरी आला तेव्हा निम्म्या उतरल्या होत्या.

"हे काय करून राह्यले काका? पोरगी येऊन नाई राह्यली काय?"

"नाई. तिची नोकरी आहे."

"मंग खोली?"

"नाई पायजे."

त्यानं सदरा काढून खुंटीला अडकवला अन् वर आला. दोघांनी मिळून अकराचं विमान यायच्या आत सगळ्या विटा खाली घेतल्या. मी स्लॅब झाडून मोकळा केला.