सासऱ्यांचा लेफ्ट विंगर

सासूबाई गेल्यावर, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, सासरे पुण्याहून आमच्याकडे इंग्लंडमध्ये, बेसिंगस्टोकला आले. पहिला हिवाळा त्यांनी खिडकीशी बसून काढला. मग शेजारचे रिटायर्ड पोस्टमन त्यांना शनिवारी सकाळी फुटबॉल मॅचला नेऊ लागले. मोठ्या टीमच्या नव्हे. गावातल्या फुटबॉल क्लबनं शाळाशाळांतून निवडून आणलेल्या पोरांच्या.

सहा महिन्यांत सासऱ्यांना प्रत्येक पोराची शाळा, उंची, डावा पाय की उजवा, सगळं पाठ झालं. क्लब कोणाला कायमचा साइन करणार, यावर जेवताना बोलणं चाले. लेफ्ट विंगला, म्हणजे डाव्या कडेनं खेळणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलावर त्यांचा विशेष जीव. "पुढच्या वर्षी हा मोठ्या टीममध्ये दिसेल, बघ," ते म्हणायचे. ते पुन्हा पोटभर जेवू लागले होते, म्हणून मीही ऐकायचे.

मी हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढायचे. फेब्रुवारीत फॉर्मवर त्याच मुलाचं नाव आलं. सोबत आई होती. सर्जननं फिल्म बघितली आणि माझ्यासमोरच सांगितलं, "चालशील नीट. पण या गुडघ्यावर फुटबॉल नाही." मुलानं विचारलं, "मग ट्रेनिंगला कधी जाऊ?" आईनं त्याचा कोट उचलून छातीशी धरला.

घरी सासरे म्हणाले, "तीन शनिवार झाले, तो खेळला नाही. काय झालं असेल गं?"

पेशंटचं घरी बोलायचं नाही. "मला कुठे फुटबॉल कळतो, बाबा," म्हणत मी पोळ्या लाटत राहिले.

पुढच्या महिन्यात पेपरात दोन ओळी आल्या: क्लबनं त्याला टीममधून कमी केलं. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या हॉस्पिटलात आला होता?"

"ते मला सांगता येत नाही."

त्यांना कळलं. रागावले नाहीत. त्यांनी जुन्या वळणाच्या इंग्रजीत त्या मुलाला क्लबच्या पत्त्यावर पत्र लिहिलं: धीर सोडू नकोस, आम्ही तुझी वाट पाहतो आहोत.

उत्तर आईचं आलं. आभार मानले होते. पुढे लिहिलं होतं, कृपा करून पुन्हा लिहू नका. कधी परत येणार, असं विचारणारी अनोळखी लोकांची पत्रं रोज येतात. तो ती उघडत नाही, खोलीबाहेरही पडत नाही.

सासऱ्यांनी पत्र दोनदा वाचलं. "मला वाटायचं, मी त्याला ओळखतो."

"तुम्ही वाईट हेतूनं नव्हतं लिहिलं, बाबा."

"सगळेच चांगल्या हेतूनं लिहीत असतील," ते म्हणाले. "पोरगं सतरा वर्षांचं. त्याच्यावर किती म्हाताऱ्यांचे डोळे."

ऑगस्टमध्ये क्लबची नवी पोरं आली. पहिल्या शनिवारी पोस्टमननी बेल वाजवली. सासरे स्वयंपाकघरातून हळूच म्हणाले, "बरं नाही म्हणून सांग."

मी दार उघडून तसं सांगितलं. पोस्टमन एकटेच बसस्टॉपकडे गेले. मी आत आले तेव्हा सासरे खिडकीशी बसले होते.