आयता राब

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुरबाडच्या पुढं एका कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. परदेशातल्या एका विद्यापीठाला आमची भलतीच कणव आली: तुमच्या देशाला छोटे उपग्रह बांधायला शिकवतो, म्हणे. त्यांचा एक साहेब आला. आमच्या पोरांनी बनवलेला रेडिओचा बोर्ड त्यांच्या उपग्रहात बसणार होता. अट एकच, साहेबासमोर चाचणी पास व्हायची. त्या बोर्डापायी पोरं आणि मी सुट्टी विसरलो होतो.

चाचणीसाठीचा अँटेना कॉलेजमागं आमच्याच भातखाचरात उभा केला. जागा बाबांनी फुकट दिली. त्याची वायर उघड्यावर टाकलेली बघून मी म्हटलं, "पुरून घ्या." साहेब हसला. "तात्पुरतं आहे, उन्हापासून झाका फक्त." पोरं सगळी शेतकऱ्यांची, हाताला सवय तीच. वायरीवर सुका पालापाचोळा रचला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर माती भुरभुरली.

चाचणीच्या सकाळी बाबा खाचरात गेले. रोपांसाठी भाताचं बी पेरण्याआधी जमीन भाजायचे दिवस, आणि समोर पालापाचोळ्याचा राब आयता रचलेला! पोरांनी आपलं काम हलकं केलं म्हणून खूश झाले आणि काडी लावली.

वायर जळाली. मी कल्याणहून दुसरी आणायला निघाले, तर आमचे प्रिन्सिपल दात काढत साहेबाला सांगतायत, "काय करणार, अडाणी लोक!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबानं चाचणीच रद्द केली. बाबा प्रयोगशाळेच्या दाराबाहेर उभे राहून सगळं बघत होते.

निरोपाच्या चहाला साहेब माझी समजूत घालायला आला. वाईट वाटून घेऊ नका, म्हणाला, उपग्रह तर मी तिकडून निघण्याआधीच सीलबंद करून प्रक्षेपणाला पाठवला होता; तुमचा बोर्ड फक्त सरावासाठी होता.

"मेल्या, मग आधी सांगायला जीभ झडली होती तुझी?" मी मराठीतच ओरडले. कप आपटला, तो फुटला. प्रिन्सिपल मलाच माफी मागायला सांगू लागले. मागते कशाला? मागते माझी चप्पल!

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. तुमच्यामुळं काहीसुद्धा गेलं नाही, त्यांनी आधीच फसवलं होतं आपल्याला.

"पन आग तं मीच लावली ना गो बाय."

त्या खाचरात त्यांनी पुन्हा राब भाजला नाही. जिवंत होते तोवर रोपं दुसऱ्याच्या शेतातून मागून आणत राहिले.