वेळूचं माप

बाबांची ठासणीची बंदूक परवान्याची होती, रानडुकरांपासून भात राखायला घेतलेली. बंदुकीची दारू मोजायचं माप मात्र त्यांनी स्वतः केलेलं, वेळूच्या कांड्याचं, बोटभर उंचीचं.

दोन वर्षांपूर्वी लोंब्या भरत आल्या होत्या तेव्हा मी बिरवाडीहून पोलादपूरच्या आमच्या वाडीवर गेलो. बूटही न काढता पडवीत मोबाइलवर बोलत फिरत होतो. माप पायाखाली आलं आणि चिरलं. बाबा ओरडले असते, फार तर दोन दिवस बोलले नसते. तेवढ्याला भिऊन या चाळिशीच्या शहाण्यानं घरामागचा वेळू तोडला आणि उंचीला उंची लावून नवं माप कापलं. त्याची पोकळी जरा रुंद होती. ती मला दिसली. एवढ्यानं काय होतंय म्हणत मी ते चुलीच्या धुरावर धरून जुन्यासारखं काळं केलं. आणि मी कारखान्यात कोण, तर बॉयलरवाला. दाबाचा काटा लाल रेषेपुढे जाऊ द्यायचा नाही, हे नवीन कामगारांना मीच शिकवतो.

तिन्हीसांजेला बाबांनी बार भरून गजानं ठासला आणि तो गज नळीत उभा सोडला. गज नळीबाहेर तीन बोटं राहिला की बार बरोबर, असा त्यांचा नेम. त्या दिवशी चार बोटं राहिला. त्यांनी पुन्हा बोटं लावून पाहिली.

"माप तेच हाय ना रे?"

"तेच हाय, बाबा."

ते बांधावर गेले. मी बूट काढत बसलो.

पहिल्याच बाराला नळी मुळाशी फुटली. महाडच्या दवाखान्यात बाबांचा उजवा डोळा काढावा लागला. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा बाबाच म्हणाले, "बोटं बारीक झालीत माझी आता. चार लागली, तरी म्या तीनच धरली." मी खाटेशी उभा होतो. लाज वाटते सांगायला, पण मी मान डोलावली.

बंदूक जमा झाली. बाबा आता कुठलंच माप स्वतः घेत नाहीत, चहातली साखरसुद्धा. उरलेल्या डाव्या डोळ्यात रोज औषध घालावं लागतं; दर रविवारी ते घालायला मी जातो. बाटली उघडली की ते चेहरा वर करतात, डोळा मिटलेलाच.

"बरोबर हाय ना रे औषध?"

"बरोबर हाय, बाबा," मी म्हणतो, आणि मग ते डोळा उघडतात.